नव्वद सेकंद

आत्माराम घाग मला आठवतात ते बोटांवरून.
परळच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
ड्रमवर कागद चढवून धुरावर असा फिरवायचे
की काजळी कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही.
मी तेव्हा नवी लेक्चरर. माझा कागद एका बाजूला करपायचा.
"घाई ज्योतीला कळते, मॅडम."

मग बेडकाच्या पोटाचा पातळ स्नायू
दोऱ्याने टांगलेला, काचेच्या नळीत,
खालून हवेचे बुडबुडे.
असिटिलकोलीन, मोजून एक थेंब.
लिव्हर हलायची, काळ्यावर पांढरी रेघ चढायची.
घाग मोठ्याने आकडे म्हणायचे, घड्याळाकडे पाठ करून,
आणि नव्वदला: "धुवा!"
स्नायू आपला सैल.

एसरीन नंतर. कुठल्याशा आफ्रिकी बियांचं विष.
तिकडे म्हणे संशयिताला ती बी खायला देत,
मेला तो गुन्हेगार,
ओकला तो निर्दोष.
पोरांना हा भाग फार आवडायचा, परीक्षेत कोणी लिहीत नसे.
एसरीन दिल्यावर तोच थेंब, आणि रेघ दुप्पट उंच.
"मॅडम, जास्त पडलं का?"
नाही रे. तेवढंच.
मोडणारा हात तेवढा बांधून ठेवलाय.

कारण दोन पेशींमधल्या फटीत एक एन्झाइम टपून असतं.
निरोप पोचला न पोचला
की त्याचे दोन तुकडे: इकडे असिटेट, तिकडे कोलीन.
ते नसतं तर वळलेली मूठ
वळलेलीच राहिली असती.
एकतीस वर्षं शिकवलं हे,
खडूने, मग स्लाइडवर, मग बेडूकच बंद झाले.

यंदा दिगंबरचा फोन. शिवडीहून. घागांचा मुलगा.
"बाबांना डोनेपेझिल दिलंय, पाच, रात्री जेवल्यावर.
ह्याने आठवेल ना सगळं?"

मी पुस्तकातलं सांगणार होते.
मग म्हटलं, दिगंबर, नळाची धार बारीक झालीय.
गोळी नळाला हात लावत नाही.
ती मोरीला बोळा लावते.
येतंय तेवढं जरा साचून राहील.
तो गप्प. मग म्हणाला, "आणि नळ बंद झाला तर?"

पहिल्या आठवड्यात घाग सारखे ओकत होते.
मला हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.
निर्दोष.
नाडी बावन्नवर आली. रात्री दचकून उठायचे,
बेडूक सुटलेत म्हणून कॉटखाली शोधायचे.
डॉक्टरांनी गोळी सकाळी करून दिली.
बेडूक गेले.

मी गेले एका रविवारी.
मला "सिस्टर" म्हणाले, दिगंबरला "अहो".
पिशवीतून जुना कागद काढला,
लाखेत बुडवून वाळवलेला, त्यांच्याच हातचा,
कडेला त्यांच्याच अक्षरात तारीख.
त्यांनी बोट ठेवलं. पायथ्याशी. बरोबर जिथून रेघ उठते तिथे.
"एक," म्हणाले. "दोन."

बेचाळीसला अडकले.
खालून गोदीकडे एक ट्रेलर गेला, कपाटाची काच थरथरली.
दिगंबर आकडा सुचवायला वाकला,
मी त्याचा दंड धरला.
कोणीच काही म्हणेना.
बोट मात्र चढत होतं,
फार हळू, काजळीला न दुखावता.
टोकाशी आलं.

"धुवा."

घड्याळ मी पाहिलं नाही.
दिगंबरने चहाचे कप उचलले, मोरीकडे निघाला.
मी म्हटलं, राहू दे रे.
राहू दे जरा.